ऐं, ह्रीं, क्लीं आणि त्यानंतरचं गप्प बसणं

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले अडखळे आणि दोन-तीन ठिकाणच्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे. ध्यानाच्या भागात विरामाच्या जागा कंसात दिल्या आहेत.)

आजचा भाग राजूरमधून रेकॉर्ड करतेय. राजूर म्हणजे अकोले तालुक्यातलं, पेढ्यांचं राजूर. मागे मोटारसायकलींचा आवाज येईल, मधेच कोंबडाही ओरडेल, तो काढून टाकणार नाहीये. ध्यानाला बसलं की आजूबाजूचं जग बंद व्हायला हवं, अशी एक समजूत असते. तिला आज जरा बाजूला ठेवू.

विषय बीजमंत्रांचा. देवीचे तीन बीजमंत्र, ऐं, ह्रीं, क्लीं. ते म्हणायचे कसे, आणि म्हणून झाल्यावर काय करायचं. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण गाळतात. एकशे आठ झाले, माळ डोळ्यांना लावली, उठलो, गॅसवर कुकर चढवला. जप झाला, पण जपानंतर जे होणार होतं त्याला वेळच दिला नाही.

पण त्याच्याआधी एक गोष्ट मोकळी करायला हवी, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणी तेच विचारता. दीक्षा नसताना बीजमंत्र म्हटला तर उलटतो का? पाळीत म्हटला तर? उच्चार चुकला तर घरात काही वाईट होतं का? हे प्रश्न विचारताना बायकांचा आवाज बारीक होतो, हे मी पाहिलंय. कुणीतरी कधीतरी घाबरवलेलं असतं. मूल आजारी पडलं की लगेच आठवतं, अरे, त्या दिवशी आपण चुकीचं म्हटलं होतं का?

तर माझं मत स्पष्ट सांगते. परंपरेत मंत्र गुरूकडून घ्यायचा असतो, हे खरं आहे आणि त्याला कारणही आहे. पुरश्चरण करायचं असेल, म्हणजे ठरावीक संख्या, संकल्प, न्यास, हवन, नियम, तर जाणकार माणूस समोर हवाच. ते महिनोन्महिन्यांचं काम आहे, त्यात माणसाचं मन ढवळून निघतं, आणि ढवळलेल्या मनाशी बोलायला कुणीतरी लागतं. पण आपण आज जे करणार आहोत ते पुरश्चरण नाही. सप्तशतीचा पाठ ज्या घरांमध्ये होतो, तिथे पाठाच्या आधी आणि नंतर नवार्ण मंत्राचा जप करायची रीत आहे. नवार्ण म्हणजे नऊ अक्षरांचा, ‘ऐं ह्रीं क्लीं चामुंडायै विच्चे’. मोजून बघा, नऊच भरतात. म्हणजे ही तीन बीजं कित्येक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या माजघरात बसून म्हटली गेली आहेत. देवी अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या तर आणखी कितीतरी. आणि ज्या शाक्त परंपरेतून हे मंत्र आले, तिथे स्त्रीला गुरू होण्याचा अधिकार आहे. ‘बाईने देवीचं नाव घेऊ नये’ हे तिथून आलेलं नाही.

लेकराचा उच्चार चुकला म्हणून त्याला शाप देणारी आई कुणी पाहिलीय का? मी तरी नाही.

तरीही मनात किंतु राहत असेल तर जबरदस्ती करू नका. भीत भीत केलेल्या ध्यानात भीतीचंच ध्यान होतं. त्याऐवजी आपल्या कुलदेवतेचं नाव घ्या. नाहीतर नुसतं ‘आई’ म्हणा. आ उघडतो, ई लांबते, आणि मग आवाज विरतो. आजच्या ध्यानाला तेवढं पुरतं.

आता बीज म्हणजे काय? वडाच्या बीमध्ये वड असतो, ही नेहमीची उपमा तुम्ही ऐकलेली असणार. राजूरमध्ये बसून मला दुसरीच सुचते. इथे पेढा कसा होतो? दूध आटवत राहायचं. आटून खवा होतो, खवा परततात, साखर पडते, आणि कढईभर दुधाचे मूठभर पेढे होतात. सप्तशती हे कढईभर दूध समजा. तेरा अध्याय, सातशे मंत्र, महिषासुर आहे, शुंभ-निशुंभ आहेत, देवांनी केलेल्या स्तुती आहेत. ते आटवत आटवत नवार्णाची नऊ अक्षरं झाली. त्याहून आटवलं की तीन बीजं. आणि तीन बीजंही विरली की मागे काय राहतं, ते बघायचं आहे आज.

परंपरेने ऐं हे महासरस्वतीचं, ह्रीं महालक्ष्मीचं, क्लीं महाकालीचं. यांना शब्दकोशातला अर्थ नाही. अर्थ लावायला गेलं की मन पुन्हा विचारांच्या कामाला लागतं, म्हणून ते बरंच आहे. पण रचना आहे, आणि ती बघण्यासारखी आहे. ह्रीं घ्या. देवी अथर्वशीर्षात हे अक्षर सरळ लिहिलेलंच नाही, कोड्यात सांगितलंय. आकाश घ्या, त्याला ई जोडा, त्यात अग्नी मिसळा, वर अर्धचंद्र ठेवा. आकाश म्हणजे ह, अग्नी म्हणजे र. ह, र, ई आणि वरचा चंद्रबिंदू, झालं ह्रीं. आकाशात अग्नी आणि त्यावर चंद्राची कोर. राजूरच्या पलीकडे, भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाळ्याआधी रात्री गेलं की झाडाझाडांवर काजवे लुकलुकत असतात. अंधार, त्यात ठिणग्या, वर चंद्रकोर असली तर असते. तेव्हा हे कोडं एकदम समोर मांडल्यासारखं वाटतं. आणि काजव्यांची एक गंमत बघा, आपण लुकलुकणं मोजतो, मधला अंधार मोजत नाही.

तेच आपण जपात करतो.

त्या चंद्रबिंदूबद्दल शाक्त ग्रंथांनी फार बारकाईने लिहिलंय. ह्रींचा तोंडी उच्चार संपला की आवाज संपला असं आपल्याला वाटतं. ते म्हणतात, नाही, आता कुठे सुरुवात झाली. बिंदू, अर्धचंद्र, रोधिनी, नाद, नादांत, शक्ती, व्यापिनी, समना, उन्मना अशा नऊ पायऱ्या सांगितल्यात. पहिली अर्ध्या मात्रेची, पुढची तिच्या निम्मी, त्याच्यापुढची तिच्याही निम्मी, असं बारीक बारीक होत जातं. शेवटच्या उन्मनेला माप नाही. ही नावं पाठ करायची गरज नाही, मलाही ती क्रमाने म्हणताना थांबावं लागतं. पण ‘उन्मनी’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे, कारण आपल्या संतांनी तो हवा तिथे वापरलाय, कीर्तनात ऐकलेला असतो. काश्मीरपासून दक्षिणेपर्यंत तंत्राचे पंडित ज्या शब्दावर टीका लिहीत होते, तो आपल्याकडे मृदंगाच्या साथीने म्हटला जातो.

आणि तो इकडे आला कसा, याचा एक धागा याच परिसरातून जातो. इथली नदी प्रवरा. तिकडे रतनगडाच्या डोंगरात उगम, रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ, पुढे १९२६ साली बांधून झालेलं भंडारदरा धरण, मग रंधा धबधबा, तिथे घोरपडादेवीचं मंदिर. पुढे अकोले, संगमनेर करत ही नदी नेवाशाला जाते. त्या नेवाशाला, शके १२१२ म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिचा सहावा अध्याय उघडून बघा. मूळ गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी हा शब्दसुद्धा नाही. ज्ञानदेव मात्र तिथे थांबतात आणि कुंडलिनी जागी होण्याचं वर्णन करतात, अगदी शरीराचा कण न् कण सांगत. ती शक्ती त्यांना जगदंबा वाटते. नाथपंथातून आलेली, गुरूने शिष्याच्या कानात सांगायची गोष्ट त्यांनी मराठीत, सगळ्यांसमोर बोलून टाकली. म्हणून ‘हे आपल्यासाठी नाही’ असं कुणी म्हणालं की मला नेवासा आठवतं.

इथे एक वाद आहे, तो झाकत नाही. या भागातल्या देवींना बीजमंत्र नाहीत. कळसूबाईला नाही, घोरपडादेवीला नाही. या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या देवी, त्यांची पूजा नारळ, हळदकुंकू, नवस, नवरात्रातली जत्रा यांनी होते. तेव्हा संस्कृत बीजं आणून त्यांच्या डोक्यावर बसवायची आणि मग म्हणायचं की ही मूळची अमुक शक्ती, हे मला पटत नाही. त्यांना त्यांच्या जागी राहू द्यावं. पण कळसूबाईची जी लोककथा गॅझेटियरमध्ये नोंदवली गेलीय, ती ध्यानाबद्दल बोलताना मला सोडवत नाही. कळसू नावाची कोळ्याची पोर. रानात भटकायची आवड. डोंगराच्या पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घातली, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. काही दिवस बरं चाललं. मग एकदा घरातल्या कुणीतरी तेच सांगितलं, भांडी घास, केर काढ. तिने वाद घातला नाही. सांगितलेलं काम केलं आणि तडक डोंगर चढून माथ्यावर गेली, ती मरेपर्यंत तिथेच राहिली. जिथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. आज त्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागी, तिचं छोटंसं देऊळ आहे. बारी गावातून, लोखंडी शिड्या चढून लोक जातात.

या कथेत ती वर जाऊन काय करते, हे सांगितलेलंच नाही. तप केलं नाही, राक्षस मारला नाही. नुसती राहिली. ज्या बायका मला विचारतात की ‘ध्यानात नक्की करायचं काय’, त्यांना मी हीच गोष्ट सांगते. दिवसभर भांडी आणि केर संपत नाही, ते सोडून डोंगरावर जाताही येत नाही. वीस मिनिटं मात्र जाता येतं.

आता शरीराचं थोडं. बीज सावकाश म्हटलं की श्वास सोडायला वेळ लागतो, आपोआप श्वासांची संख्या कमी होते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्हींत म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येत होता आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. अभ्यास लहान होता, २३ जणांचा. त्यावरून बीपीची गोळी बंद करायची नसते. कुठलीच गोळी बंद करायची नसते. ज्यांना मानसिक आजारासाठी औषध चालू आहे, फिट्स येतात, किंवा डोळे मिटले की घाबरायला होतं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावं, आणि करताना डोळे उघडे ठेवावेत.

आणि हो, क्लीं म्हटल्याने नवरा मुठीत येतो, श्रीं म्हटल्याने एकवीस दिवसांत पैसा येतो, असे व्हिडिओ मला पाठवू नका. भरपूर आलेत.

चला, बसू या. मांडी घाला, नाहीतर खुर्चीवर बसा, भिंतीला टेकलात तरी चालेल. गुडघ्यांशी भांडण नको. हात मांडीवर. डोळे मिटा किंवा समोर जमिनीवर एका जागी सैल ठेवा. गाडी चालवत ऐकत असाल तर इथेच थांबवा, घरी जाऊन ऐका.

दोन-तीन श्वास जसे येतील तसे येऊ द्या. लांब करू नका.

(अर्धा मिनिट विराम)

ऐं. सुरुवात ‘अ’ने, घशातून. मग ‘इ’कडे जाऊन मिटतो. शेवट तुमच्या घरी जसा म्हणतात तसा, ओठ मिटून ‘म्’ किंवा नाकात घुमणारा. दोन्ही चालतात. पूर्ण श्वास घ्या आणि सोडताना सावकाश म्हणा. सात वेळा. आवाज शेजारच्या खोलीत जाईल एवढा नको, स्वतःच्या कानाला पुरेल एवढा.

(सात वेळा ऐं)

प्रत्येक वेळी आवाज कुठे थरथरतो ते बघा. टाळूला, छातीला, कपाळाला. आवाजाला ठरावीक जागी बसवायचं असं काही ठिकाणी शिकवतात. आपण आज बसवणार नाही. जिथे जाईल तिथे.

आता ह्रीं. ‘हिरीम’ होऊ देऊ नका, ह आणि र एकत्रच येऊ द्या. ई लांबवा, मग अनुस्वार लांबवा. सात वेळा.

(सात वेळा ह्रीं)

या वेळी लक्ष शेपटाकडे. आवाज बारीक होत जातो, होत जातो, आणि मग एक क्षण येतो की तो आहे की संपला हे कळत नाही. त्या क्षणी नवीन श्वास घ्यायची घाई करू नका. श्वास स्वतःच येईल. तो येईपर्यंत जे आहे त्यात थांबा.

क्लीं. हा जरा ठाशीव. सात वेळा, पण दर वेळी मागच्यापेक्षा हळू. सातवा जवळजवळ ओठांतच.

(सात वेळा क्लीं, आवाज कमी होत जातो)

आता तिन्ही मनात. ऐं. ह्रीं. क्लीं. ओठ हलवू नका. श्वासाशी जुळवायचा प्रयत्न नको. मन भरकटेल, उद्याच्या भाजीवर जाईल, जाऊ दे, लक्षात आलं की पुढचं बीज.

(दोन मिनिटं विराम)

आणि आता तेही सोडून द्या. मंत्र थांबवायचाय म्हणून थांबवू नका. हातातली वस्तू खाली ठेवतो तसा ठेवा. मनात आपोआप येत राहिला तर येऊ दे, तुम्ही म्हणू नका.

बाहेर गाडी जातेय. ऐकू येतंय. ऐकण्यासाठी तुम्ही काही केलं नाही. पाठीला टेकलेली भिंत जाणवतेय. तीही तुम्ही जाणवून घेतली नाही, जाणवली. विचार येतोय, तोही असाच. ज्याच्यात हे सगळं येतंय ते शोधायला जाऊ नका, शोधणारा आणखी एक विचारच असतो. नुसतं असा.

(पाच मिनिटं शांतता)

झोप येत असेल तर डोळे थोडे उघडा. डोळ्यांत पाणी आलं तर पुसायची घाई नाही. काहीच होत नसेल तर उत्तम, काही व्हायला बसलेलो नाही.

(तीन मिनिटं शांतता)

सावकाश बोटं हलवा. हात चोळा. एकदा, फक्त एकदा, तुम्हाला आवडेल ते बीज मोठ्याने म्हणा. आधी आणि आता आवाजात काही फरक वाटतो का, तेवढं बघा.

(विराम)

दोन शंका पटकन. पहिली, रोज किती? मी सांगेन वीस मिनिटं, त्यातली निम्मी शांततेची. वेळ कमी असेल तर जप कमी करा, शांतता कमी करू नका. सात-सात-सातऐवजी तीन-तीन-तीन म्हणा. माळेची संख्या पूर्ण करण्याचा आग्रह असेल तर ती वेगळ्या वेळी करा, या बैठकीत मिसळू नका. मोजणारं मन आणि थांबणारं मन एकाच वेळी खुर्चीवर बसत नाहीत.

दुसरी, घरात जागाच नाही, एकच खोली, मुलं, सासूबाई, टीव्ही. मग पहाटे अंथरुणातच बसून मनातल्या मनात करा. देवघरच हवं असं नाही. आंघोळ झालेली हवी असंही माझ्याकडून नाही. मुलाला झोपवताना ‘ऊं ऊं’ करून थोपटता ना, मूल झोपल्यावरही दोन मिनिटं तुम्ही तशाच बसून राहता, उठलं तर जागं होईल म्हणून. ती दोन मिनिटं आठवा. त्या वेळी तुम्ही कुठला विचार करत असता?

हे वाचून करणार असाल तर विरामांच्या ठिकाणी फोनवर अलार्म लावा, पण हळू आवाजाचा. दोन मिनिटं, पाच मिनिटं, तीन मिनिटं, या क्रमाने. आणि संपल्यावर लगेच व्हॉट्सॲप उघडू नका, आधी पाणी प्या.